फोन असताना वेगळं जीपीएस कशाला? नाशिकच्या डोंगरभटक्यांचे नेहमीचे प्रश्न

शनिवारी रात्री सॅक भरणाऱ्यांची नाशिकमध्ये कमी नाही. त्र्यंबक रांग हाकेच्या अंतरावर, सातमाळा दिंडोरी-चांदवडच्या बाजूला, घोटीकडून कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग, वर बागलाणात साल्हेर-सालोटा. या सगळीकडे माझ्या सॅकच्या पट्ट्याला मुठीत मावेल एवढं, बटणांचं, इवल्याशा पडद्याचं हँडहेल्ड जीपीएस लटकत असतं. ते बघून पायथ्याच्या चहाच्या टपरीपासून विचारणा सुरू होते. पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘वॉकीटॉकी आहे का?’ हा असतो. नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

फोनमध्ये जीपीएस असतंच की. मग हे वेगळं ओझं कशाला?

असतं, आणि चांगलं असतं. जानेवारीच्या कोरड्या सकाळी रामशेजला जाणार असाल तर हे यंत्र घरीच ठेवा. तिथे फोनचंही काम नाही, वाट समोर दिसते.

खरी गोष्ट सुरू होते जून ते सप्टेंबर. अंजनेरीच्या पठारावर ढग उतरला की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. पाऊस आडवा लागतो. अशा वेळी फोन रेनकोटच्या आतल्या खिशातून काढायचा, प्लास्टिकच्या पिशवीतून सोडवायचा आणि सुरकुतलेल्या ओल्या बोटाने लॉक उघडायचं. बोट काही ओळखलं जात नाही. फोनचा पडदा स्पर्श ओळखतो तो विजेच्या बारीक बदलावरून, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. त्यामुळे थेंब पडेल तिथे फोन आपला आपण चालू राहतो. नकाशा एकदम गुजरातपर्यंत लहान होतो, नाहीतर भलतंच ॲप उघडतं. बटणाला यातलं काही कळत नाही. दाबलं की दाबलं. हातमोजे घाला, चिखलाचा हात लावा, न बघता दाबा.

दुसरं कारण बॅटरी. फोनची बॅटरी एक आणि वाटेकरी अनेक: फोटो, रील, टॉर्च, घरच्यांचे ‘पोचलास का?’. त्यात दरीत रेंज गेली की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच अर्धा जीव घालवतो. मग संध्याकाळी उतरताना, नेमकी वाट फुटते त्या ठिकाणी, वर लाल रंगात १२ टक्के. पॉवर बँक आहे म्हणाल तर चार्जिंगच्या भोकात ओल गेली की बरेच फोन चार्ज व्हायलाच नकार देतात. ते बरोबरच करतात, पण ते बरोबर असल्याचा आपल्याला त्या घडीला उपयोग नसतो.

तिसरं कारण फारसं कुणी बोलत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर किंवा मदनच्या कड्यावर हातातून काय सुटलेलं परवडेल? फोनमध्ये बँक आहे, परतीचं तिकीट आहे, घरच्यांचे नंबर आहेत (पाठ कुणाला असतात आता?) आणि मदत मागायची सोयही त्यातच आहे. वाट बघायला दर पाच मिनिटांनी तीच वस्तू बाहेर काढणं मला पटत नाही. फोन सॅकच्या पोटात कोरडा आणि चार्ज राहावा म्हणून मी दुसरं यंत्र बाळगतो. कोणाला ते फोनशी वैर वाटतं. आहे नेमकं उलटं.

म्हणजे हे फोनपेक्षा अचूक असतं?

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे, आणि विकणारेही तो दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत. उघड्या आभाळाखाली चांगला फोन आणि हँडहेल्ड, दोघांचीही चूक साधारण ३ ते ५ मीटरच्या घरात असते. काही नव्या फोनमध्ये उपग्रहांच्या दोन वेगळ्या फ्रीक्वेन्सी ऐकणारी चिप येते. अशा वेळी माझं जुनं यंत्र मागेच पडतं.

दोघांची अडचणही एकच. अरुंद घळीत किंवा उभ्या कातळाला चिकटून चालताना उपग्रहाचा सिग्नल थेट न येता कड्यावर आपटून येतो. सिग्नलची वाट लांबली की यंत्राचा अंतराचा हिशेब चुकतो, मग तुम्ही आहात त्यापेक्षा वीस-तीस मीटर बाजूला दिसता. पठारावर याने काही बिघडत नाही. कड्याच्या काठावर मात्र पडद्यावरची रेघ आणि डोळ्यांना दिसणारी जमीन यांत फरक पडला तर जमिनीचं ऐकायचं.

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम खोट घालत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जायची. तेव्हाची ऐकीव माहिती धरून ‘जीपीएसचा काय भरवसा’ म्हणणारे काका अजून भेटतात. तो काळ संपला.

रेंज नसताना चालतं? सिम कुठे घालायचं?

सिम नाही, नेट नाही, रिचार्ज नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. यंत्र फक्त ऐकतं, स्वतः काहीच पाठवत नाही. चार उपग्रह ऐकू आले की ते हिशेब करून तुमची जागा काढतं.

फोनचंही असंच आहे, पण त्यात एक मेख आहे. उपग्रहाची बोलायची गती सेकंदाला फक्त ५० बिट. स्वतःच्या कक्षेची माहिती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन एवढा वेळ थांबत नाही, तो ही माहिती नेटवरून ओढून घेतो. म्हणून शहरात निळा ठिपका चुटकीसरशी उमटतो. दरीत फोन बंद पडून पुन्हा चालू केला आणि नेट नसलं, की तोच ठिपका येता येत नाही आणि लोक ‘फोनचं जीपीएस गेलं’ म्हणतात. गेलेलं नसतं, ते ऐकत बसलेलं असतं. मोकळ्या जागी स्थिर धरून थांबा.

हँडहेल्डलाही पहिल्यांदा, किंवा बरेच दिवसांनी काढल्यावर, वेळ लागतो. मी ते गाडीतून उतरल्याबरोबर चालू करून बॉनेटवर ठेवतो. चहा होईपर्यंत तयार.

मग फोन फ्लाइट मोडवर टाकला तर? तेवढ्याने भागणार नाही?

बऱ्यापैकी भागतं. फ्लाइट मोडवर जीपीएस चालू राहतं आणि टॉवरची शोधाशोध थांबते. नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवायचा. वर्षातून दोन-तीन ट्रेक करणाऱ्याने एवढंच करावं आणि पैसे चांगल्या बुटांवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्मार्टवॉच?

मनगटावर आपण किती चाललो हे बघायला छान. पण धुक्यात वाट फुटते तिथे नाण्याएवढ्या पडद्यावर समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) बघून पाहा, मग बोलू.

कोणतं घ्यावं?

बाजारात मुख्य नाव गार्मिनचं. त्यातही ईट्रेक्स मालिका आपल्याकडच्या डोंगरांना पुरेशी आहे. ईट्रेक्स २२ एक्स हे रंगीत २.२ इंची पडद्याचं, नकाशा घालता येणारं मॉडेल. दोन डबल ए सेलवर कंपनी २५ तास सांगते. ३२ एक्समध्ये त्यात हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर आणि उभं राहूनही दिशा सांगणारं होकायंत्र जास्त मिळतं. २२ एक्समध्ये दिशा कळायला चालावं लागतं, थांबलात की बाण गोंधळतो. २०२३ मध्ये आलेल्या ईट्रेक्स एसईला नकाशाच नाही, काळापांढरा पडदा आहे, पण दोन सेलवर कंपनी १६८ तासांचा दावा करते.

मला विचाराल तर सह्याद्रीत नकाशावालंच. इथे वाट चुकते ती बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आत, चुकीच्या सोंडेवर उतरून. समोच्च रेषा दिसत असतील तर पुढे कडा आहे की उतार हे आधी कळतं. टचस्क्रीनची महाग हँडहेल्डही मिळतात. पावसात टचस्क्रीन नको म्हणून जे घ्यायचं त्यात पुन्हा टचस्क्रीन कशाला, हे मला कळलेलं नाही.

किंमत मध्यम स्मार्टफोनएवढी धरा. एमजी रोडवर विचारत फिरलात तर ट्रकला लावायचा ट्रॅकर समोर ठेवतील, त्यामुळे ऑनलाइनच मागवावं लागतं. जुनं घेत असाल तर सेलच्या खणाचं झाकण उघडून स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशी आहे का बघा, झाकणाचं रबर फाटलेलं नाही ना ते बघा आणि प्रत्येक बटण दाबून बघा. पडद्यावरचे ओरखडे महत्त्वाचे नाहीत.

सेल कुठले घालायचे?

डबल ए, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो. रिमोटमधला बारीक असतो तो नव्हे. दरवेळी कोणीतरी तेच घेऊन येतं. घरून निघताना मी रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घालतो आणि अल्कलाइनची एक जोडी वेगळ्या डबीत कोरडी ठेवतो. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा आणि अल्कलाइन १.५ व्होल्टचा असतो, त्यामुळे प्रकार चुकीचा असला तर बॅटरीची पट्टी खोटं सांगते.

पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानात बाकी काही नसलं तरी हे सेल असतात. पाच वर्षांनी तुमच्या फोनची बॅटरी फुगलेली असेल. हे सेल मात्र तेव्हाही तिथे बिस्किटांच्या बरणीमागे टांगलेले असतील. पावसात बदलताना मात्र घाई करू नका. यंत्र बंद केलेलं, झाकणाची कडी वर, पाठ वाऱ्याकडे, डोक्यावर कुणाचा तरी रेनकोट, आणि झाकण लावण्याआधी रबरावरून बोट फिरवून वाळूचा कण नाही ना बघायचं. तो एक कण पाणी आत घेतो.

पाण्यात पडलं तर?

या यंत्रांना आयपीएक्स७ दर्जा असतो: एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. नवं असताना. रबर जुनं झालं की हिशेब बदलतो.

नकाशे कुठून येतात?

ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवरून बनवलेले हँडहेल्डसाठीचे नकाशे फुकट मिळतात. ते संगणकावरून मेमरी कार्डात टाकायचे. आपल्या भागातल्या कित्येक वाटा, टाकी आणि गुहा त्यात हौशी लोकांनीच भरल्या आहेत, त्यामुळे एका गडाची खडान्खडा माहिती असते आणि शेजारचा गड कोरा असतो.

कागदाचा नकाशाही बघत जा. १७६७ साली सुरू झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळतात. त्यात एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर तो पसरून बघितल्याने डोंगराचा आकार जसा डोक्यात बसतो तसा सव्वादोन इंची पडद्यावर कधीच बसत नाही. ही यंत्राची उणीव आहेच.

फक्त एक सांभाळा. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार पाया धरतात त्याला डेटम म्हणतात. जुन्या नकाशांचा पाया एव्हरेस्ट डेटम असतो आणि यंत्राचा डब्ल्यूजीएस ८४. जुन्या नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच यंत्रात घातले तर खूण सरकते.

दुसऱ्यांचे ट्रॅक, म्हणजे ते चालले त्या वाटेच्या यंत्राने नोंदलेल्या रेघा, डाउनलोड करून चालावं का?

चालावं, पण कोणाचा ट्रॅक आहे ते बघून. नेटवरच्या जीपीएक्स (ट्रॅक साठवायच्या) फायलींमध्ये वाट चुकलेल्यांचेही ट्रॅक असतात आणि फाइलच्या नावात ते लिहिलेलं नसतं. घरी नकाशावर उघडा. एकाच ठिकाणी जाळं झालं असेल तर तो माणूस तिथे वाट शोधत होता. रेघ समोच्च रेषांच्या गठ्ठ्यातून सरळ गेली असेल तर तो एकतर दोरावर होता किंवा घळीत सिग्नल उसळत होता.

महिना बघणंही महत्त्वाचं. फेब्रुवारीत केलेला ट्रॅक ऑगस्टमध्ये कमरेएवढ्या गवतात आणि कारवीच्या रानात शिरतो. मधला कोरडा ओढा तेव्हा ओढा राहिलेला नसतो. आणि गुरं चरायला नेलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा रुंद असतात. सातमाळ्यात अर्ध्या चुका यातूनच होतात.

त्यापेक्षा स्वतःच्या खुणा करत जा. यात यंत्राचं एक बटण सगळा खर्च वसूल करतं. पठारावर ज्या घळीतून आपण वर आलो तिचं तोंड परतताना सापडत नाही, कारण वरून सगळ्या घळी सारख्याच दिसतात. वर पाऊल ठेवलं की ईट्रेक्सची छोटी दांडी आत दाबून धरायची. पडद्यावर निशाण येतं, पुन्हा एकदा दाबलं की खूण पक्की. नाव द्यायच्या फंदात पडू नका, नंबर पुरतो. परतताना धुकं असो की अंधार, त्या निशाणापर्यंत यायचं आणि मग डोळे वापरायचे.

मात्र ‘गो टू’ करून, म्हणजे यंत्राला खुणेची दिशा दाखवायला सांगून, नुसतं बाणामागे चालू नका. यंत्र कावळ्याचं, म्हणजे उडत सरळ गेल्यासारखं, अंतर सांगतं. समोरच्या डोंगरावरचा कुलंग सरळ रेषेत किलोमीटरभर दाखवेल आणि मध्ये कोसळलेली दरी असेल. पायवाटेने त्याला अर्धा दिवस लागतो.

उंची चुकीची का दाखवतं? कळसूबाईवर दरवेळी वेगळा आकडा येतो.

उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. बॅरोमीटर असलेलं यंत्र बारीक चढउतार छान पकडतं, पण हवेचा दाब पावसाळी हवेत आपोआप खाली येतो आणि यंत्राला वाटतं तुम्ही चढलात. दाब एक मिलिबार उतरला की साधारण ८-९ मीटर ‘चढ’ होतो, तुम्ही तंबूत झोपलेले असलात तरी.

उपाय सोपा आहे. उंची पक्की माहीत असलेल्या जागी ती घालून घ्यायची. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, साल्हेर १५६७. मुक्कामाला हा दोष कामाचाही आहे. रात्रीत यंत्राची उंची बरीच वाढलेली दिसली तर हवा बिघडते आहे असं समजावं.

हे बाळगणं कायदेशीर आहे ना?

नुसता जीपीएस रिसीव्हर, हो. घोळ होतो तो उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रांमुळे. सॅटेलाइट फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही, आणि एसओएस पाठवणारी सॅटेलाइट मेसेंजर यंत्रंही त्यातच मोडतात. अशी यंत्रं सोबत आणलेल्या परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. परदेशातल्या भावाने ‘तिकडे सगळे वापरतात’ म्हणून भेट पाठवायची ठरवली, तर आधीच नको म्हणा.

देवळालीच्या बाजूला तोफखान्याचा गोळीबाराचा परिसर आहे. तिथे यंत्र असो नसो, फिरायला जायचंच नाही.

मग अडकलो तर मदत कशी मागायची?

फोनने. ११२. म्हणून तर तो वाचवून ठेवायचा. कड्यावर किंवा खिंडीत रेंजची एखादी काडी मिळते, तिथून बोला आणि लगेच तेच एसएमएसनेही पाठवा. आवाज तुटतो तिथे एसएमएस निघून जातो.

आकडे सांगताना मात्र जपून. समजा अंजनेरीवर यंत्र १९° ५५.५′ दाखवतंय. हे अंश आणि मिनिटं आहेत. दशांशात ते होतात १९.९२५. घाईत कोणी ते १९.५५५ असं लिहून घेतलं की शोधणारे सुमारे ४१ किलोमीटर दक्षिणेला, घाट उतरून शहापूरच्या बाजूला पोचतात. घरीच यंत्राची सेटिंग दशांश अंशांवर करून ठेवा. फोनवरच्या नकाशात तोच आकडा जसाच्या तसा टाकता येतो. आणि पलीकडच्याकडून आकडा परत वाचून घ्या.

घरचे म्हणतात लाइव्ह लोकेशन चालू ठेव. हे यंत्र ते करतं का?

नाही. आणि डोंगरात ते फोनही धड करत नाही. रेंज गेली की ठिपका जागेवर गोठतो आणि आई रात्रभर त्या गोठलेल्या ठिपक्याकडे बघत बसते. आमच्याकडे ठरलं आहे: निघताना गडाचं नाव, पायथ्याचं गाव, ज्यांच्याकडे गाडी लावली त्यांचा नंबर आणि ‘रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर’ कोणाला कळवायचं, एवढं कागदावर लिहून फ्रिजला लावायचं. आईला ठिपक्यापेक्षा हा कागद बरा वाटतो.

गावातला वाटाड्या घेतला तर यंत्राची गरज काय?

काही नाही. आंबेवाडीतून अलंगला जाताना वाटाड्या घ्यायचाच. रात्रीत कोसळलेली दरड आणि मधमाश्यांचं नवं पोळं कुठल्याच नकाशात नसतं, ते त्याला माहीत असतं. त्याची मजुरी ठरवताना ‘आमच्याकडे जीपीएस आहे’ असं सांगून घासाघीस करणारे बघितले आहेत. असं करू नका.

यंत्र असलं की पठारावर कुठूनही मोकळं फिरता येईल?

येईल, पण फिरू नका. अंजनेरीच्या नावाचं कंदीलपुष्प याच डोंगरावर सापडलं, आणि पावसात पठारभर असलंच नाजूक काहीतरी उगवलेलं असतं. वाट कळते आहे तर वाटेवरूनच चला. वन विभागाने पावसात एखादी वाट बंद केली असेल तर यंत्रात ट्रॅक आहे हे कारण चालत नाही.

शहरात याचा काय उपयोग?

शून्य. कॉलेज रोडला पार्किंग शोधायला फोनच.

विकत घेण्याआधी तुमचं एकदा वापरायला मिळेल का?

मिळेल. एखाद्या सोप्या ठिकाणी, म्हणजे ब्रह्मगिरीच्या रुळलेल्या वाटेवर नेऊन बघा. जाताना ट्रॅक चालू करा, तीन-चार ठिकाणी खुणा करा आणि परत येताना पडदा न बघता आधी अंदाज करा की पुढची खूण किती लांब असेल. सेल तुमचे तुम्ही आणायचे. परत देताना ट्रॅक पुसू नका, मला बघायचा असतो.